जीवसृष्टीची वीण : एका शोधाचा इतिहास

गावाची खानेसुमारी हाती आली म्हणजे गाव कळले, असे कोणी समजत नाही. घरे किती, माणसे किती, गुरे किती, विहिरी किती, हे तिच्यातून कळते. परंतु कोणाचे कोणावाचून अडते, कोणाच्या विहिरीवर कोण पाणी भरतो, कोणता एक माणूस गाव सोडून गेला तर चार धंदे बसतील, हे त्या कागदावर उमटत नाही. जीवसृष्टीच्या बाबतीतही मनुष्याने प्रथम खानेसुमारीच केली. स्वीडनच्या लिनीयस यांनी १७५३ साली वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना दुहेरी नावे देण्याची पद्धत घालून दिली, आणि पुढील शंभर वर्षे निसर्गशास्त्रज्ञ त्या यादीत भर घालण्यातच गढून गेले. ते काम मोठे होते. त्यावाचून पुढचे काहीच झाले नसते. तथापि एका जागी राहणाऱ्या शेकडो जातींची एकमेकींशी गाठ कशी पडलेली असते, आणि त्या सर्व एकत्र कशा नांदू शकतात, हा प्रश्न नुसत्या यादीने सुटणारा नव्हता.

हा प्रश्न कसकसा उलगडत गेला, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकी ती गजबजलेली नाही. तीत लढाया नाहीत, तह नाहीत. परंतु तीत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते, आणि ती आपण सर्वांनी मनावर घ्यावी अशी आहे. जीवसमाजातील गाठी मनुष्याला बहुधा तेव्हाच दिसल्या, जेव्हा त्या सुटल्या. जोवर वीण घट्ट होती तोवर ती आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. म्हणजे या ज्ञानाची किंमत आपण आधी मोजली आणि ज्ञान मागाहून मिळवले. हा क्रम उलटा करता येईल काय, हाच आजचा खरा प्रश्न आहे.

कालवांचे पट्टे

ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवे फोडून आणणाऱ्या बायका ज्यांनी कोकणात पाहिल्या आहेत, त्यांना कालव हा प्राणी सांगावयास नको. युरोपच्या उत्तर समुद्रात त्याचाच एक भाऊबंद राहतो. तो उथळ समुद्राच्या तळाशी, जुन्या शिंपल्यांच्या थरावर, मोठमोठे पट्टे करून वाढतो. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यालगत असे पुष्कळ पट्टे होते आणि ते मक्त्याने देऊन सरकार उत्पन्न घेत असे. १८६६ च्या युद्धानंतर हा प्रांत प्रशियाकडे आला. फ्रान्समध्ये त्या सुमारास कालवांची कृत्रिम पैदास करण्याचे प्रयोग गाजत होते. तसे काही आपल्या किनाऱ्यावर करता येईल काय, अशी विचारणा प्रशियन सरकारने कील विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक कार्ल मोबियस यांच्याकडे केली. प्रश्न अगदी व्यवहाराचा, महसुलाचा होता.

मोबियस यांनी तो व्यवहार मनापासून केला. त्यांनी आपला किनारा तपासला, फ्रान्स आणि इंग्लंड येथील पट्टे पाहिले, जुने हिशेब चाळले, आणि १८७७ साली कालव व कालवांचा धंदा यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखवले की, कालवांच्या पट्ट्यावर एकटे कालव कधीच नसते. त्या पट्ट्यावर स्पंज असतात, किडे असतात, खेकडे, गोगलगाई, तारामासे आणि लहान मासे असतात. कोणी कालवाला खातो, कोणी त्याच्या शिंपल्यावर घर करतो, कोणी त्याच्याच तोंडचे अन्न पळवतो. कालवाची मादी एका हंगामात लाखांनी पिले सोडते. परंतु मोबियस यांच्या हिशेबाप्रमाणे दहा लाखांहून अधिक पिलांमागे एखादेच मोठे होते. बाकीची पिले कोठे जातात? ती इतरांचे अन्न होतात, किंवा टेकावयास कठीण जागा न मिळाल्यामुळे गाळात गुदमरतात. ही कठीण जागा म्हणजे बहुधा जुन्या कालवांचेच शिंपले. आजोबाच्या शिंपल्यावर नातू वाढतो, असे म्हटले तरी चालेल. म्हणून पट्टा खरवडून सर्व शिंपले उचलून नेले, तर नुसती कालवेच जातात असे नाही. पुढच्या पिढीला उभे राहावयाची जागाही जाते.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर हेच घडले होते. कांकाल येथील पट्ट्यांतून एके काळी वर्षाला कोट्यवधी कालवे निघत. रेल्वे झाली, दूरच्या शहरांत मागणी वाढली, भाव चढले, आणि मिळेल तेवढा माल काढण्याची घाई सुरू झाली. काही वर्षांतच उत्पन्न इतके घसरले की पट्टे ओस पडल्यासारखे झाले. फ्रान्समधील काही ठिकाणी ओस पडलेल्या जागी दुसऱ्याच जातींचे शिंपले येऊन बसले. मग पुढे कालवांचा उपसा थांबवला तरी कालवे पूर्ववत होत ना, कारण आता त्यांच्या जागेवर दुसऱ्याचा संसार थाटला गेला होता.

हे सर्व सांगावयास भाषेत शब्द नव्हता. मोबियस यांनी ग्रीक धातूंवरून एक शब्द बनवला. आपण त्याला ‘जीवसमाज’ म्हणू. एका विशिष्ट जागी, तेथील पाणी, माती, उष्णता यांना अनुसरून, परस्परांवर अवलंबून राहणाऱ्या आणि आपापली संख्या ठरावीक मर्यादेत राखणाऱ्या सजीवांचा समुदाय, असा त्याचा अर्थ. सरकारच्या मूळ प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर नकारार्थी होते. आपल्या किनाऱ्यावरचे बर्फ, भरती-ओहोटी आणि गाळ पाहता फ्रान्सची नक्कल येथे चालणार नाही, तेव्हा आहेत ते पट्टे जपावेत, असे त्यांचे मत पडले. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावरून हे देशी कालव नाहीसे झाले. ज्या जीवसमाजावरून एका नव्या शास्त्राला आपला पहिला शब्द मिळाला, तो जीवसमाजच आज तेथे उरलेला नाही.

साखळी आणि मनोरा

शब्द मिळाला, पण समाजाची रचना कशी असते हे कळावयास आणखी पन्नास वर्षे लागली. १९२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेनकडे गेली. तीत चार्ल्स एल्टन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. तेथील अस्वल-बेट हे उजाड आणि थंड. तेथे जाती इतक्या थोड्या की एका माणसाने सर्वांची ओळख करून घ्यावी. गरिबाच्या घरातील भांडी मोजणे सोपे असते, तसे ते होते. एल्टन यांनी कोण कोणाला खातो याचे बाण काढून एक तक्ता तयार केला, आणि तो १९२३ साली व्ही. एस. समरहेज यांच्यासह लिहिलेल्या लेखात छापला. समुद्रपक्षी समुद्रातले अन्न खाऊन बेटावर विष्ठा टाकतात, तिच्या खतावर वनस्पती वाढतात, वनस्पतींवर किडे, किड्यांवर लहान पक्षी, आणि पक्ष्यांवर ध्रुवप्रदेशातला कोल्हा. हिवाळ्यात पक्षी निघून गेले की हाच कोल्हा ध्रुवीय अस्वलाच्या मागे जातो आणि त्याने टाकलेल्या सील माशांच्या उष्ट्यावर जगतो. बेटावरचा कोल्हा अशा रीतीने समुद्राच्या जिवावर जगत असतो, हे त्या तक्त्याने प्रथमच स्पष्ट दिसले.

१९२७ साली एल्टन यांनी प्राण्यांच्या परिस्थितिविज्ञानावर लहानसे पुस्तक लिहिले. अन्नसाखळी ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. त्याच पुस्तकात त्यांनी संख्येचा मनोरा मांडला. तळाशी असंख्य लहान जीव, त्यांच्यावर त्यांना खाणारे थोडे, आणि माथ्यावर अगदी विरळा असा एखादा मोठा शिकारी. प्रत्येक प्राण्याचे समाजात एक ठरलेले काम असते, हेही त्यांनी सांगितले. गावात सुतार म्हटले की माणूस बदलला तरी काम ओळखू येते, तसेच जंगलात उंदीर खाणारा, मेलेले खाणारा, पाने कुरतडणारा ही कामे ओळखू येतात. देशोदेशी ती करणाऱ्या जाती मात्र निराळ्या असतात.

पुढची दोन पावले थोडक्यात सांगतो. १९३५ साली इंग्लंडच्या आर्थर टॅन्स्ली यांनी सजीवांच्या जोडीला माती, पाणी, हवा यांनाही एकाच व्यवस्थेत धरले आणि तिला जे नाव दिले त्याला आपण परिसंस्था म्हणतो. अमेरिकेत रेमंड लिंडमन या तरुणाने मिनेसोटातील एका लहानशा दलदली तळ्याचा अनेक वर्षे अभ्यास करून, सूर्यापासून मिळालेली शक्ती वनस्पतींतून प्राण्यांत पायरीपायरीने कशी चढते आणि प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग कसा खर्ची पडतो, याचा जमाखर्च मांडला. वाघ थोडे आणि हरणे पुष्कळ का, याचे कारण या हिशेबात सापडले. परीक्षकांनी प्रथम तो लेख नाकारला होता. लिंडमन यांचे गुरू जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांनी आग्रह धरला म्हणून तो १९४२ साली छापला गेला. परंतु तो छापून येण्यापूर्वीच, सत्ताविसावे वर्ष पुरे होण्याआधी, लिंडमन वारले.

खाणारा नाहीसा झाला तर?

साखळी कळली, मनोरा कळला, जमाखर्च कळला. तरी मूळ प्रश्न उरलाच होता. १९५९ साली हचिन्सन यांनीच तो उघडपणे विचारला. प्राण्यांच्या इतक्या जाती मुळी आहेतच का? जागा थोडी आणि अन्न थोडे असताना, सर्वांत बलिष्ठ जातीने बाकीच्यांना हुसकावून का लावले नाही?

आपल्या प्राचीन राजनीतिकारांनी अराजकाला मत्स्यन्याय असे नाव दिले आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, आणि गिळणाऱ्यावर कोणाचा दंड चालत नाही, ती स्थिती. तेव्हा मोठा मासा काढून टाकला म्हणजे लहानांना सुखाने नांदता येईल, असे सहज मनात येते. वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट पेन यांनी हेच करून पाहिले. आणि जे दिसले ते बरोबर उलट होते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मुकॉ उपसागर म्हणून एक जागा आहे. तेथल्या खडकांवर शिणाणी, बार्नॅकल, खडकाला चिकटणाऱ्या गोगलगाई, शेवाळे अशी पुष्कळ जातींची दाटी असते, आणि या सर्वांचा माथ्यावरचा शिकारी म्हणजे जांभळ्या-नारिंगी रंगाचा तारामासा. १९६३ च्या उन्हाळ्यापासून पेन यांनी खडकाच्या सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढ्या पट्टीवरचे तारामासे उचकटून समुद्रात फेकावयास सुरुवात केली. ते पुनःपुन्हा येत, हे पुनःपुन्हा फेकीत. शेजारची पट्टी त्यांनी तशीच राहू दिली. प्रयोगाला यंत्र लागले नाही, फारसा पैसा लागला नाही. चिकाटी मात्र लागली.

काही महिन्यांतच बार्नॅकलांनी मोकळ्या झालेल्या पट्टीवरची बहुतेक जागा व्यापली. पुढे शिणाणी आली आणि त्यांनी बार्नॅकलांनाही दाबून टाकले. शेवाळे नाहीशी झाली. शेवाळांवर चरणाऱ्या गोगलगाई उपाशी पडून निघून गेल्या. १९६६ साली पेन यांनी लेख प्रसिद्ध केला, तेव्हा त्या पट्टीवरच्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या होत्या. शेजारच्या पट्टीवर, जेथे तारामासा रोज आपली शिकार करीत होता, सर्व पूर्ववत नांदत होते.

याचा उलगडा असा. खडकावर खरी टंचाई असते ती जागेची. जागेसाठी झगडण्यात शिणाणी सर्वांहून बलिष्ठ. आणि तारामाशालाही तीच सर्वांत आवडतात. तो त्यांना खातो, त्यामुळे जागा मोकळी होत राहते, आणि त्या जागेत दुबळ्या जाती तग धरतात. त्याच्या मनात दया नाही, न्यायही नाही. त्याला फक्त भूक आहे. परंतु त्या भुकेचा परिणाम दंडनीतीसारखा होतो. म्हणजे मत्स्यन्याय मोडावयास राजा लागतो हे शास्त्रकारांचे म्हणणे खरेच होते. मात्र या खडकावर तो राजा म्हणजे माशांना गिळणारा मोठा मासाच निघाला.

१९६९ साली पेन यांनी अशा जातीला एक नाव दिले. वाड्याच्या दरवाजाची दगडी कमान पाहा. तिच्या माथ्यावर पाचरीसारखा एक दगड असतो. तो बाकीच्या दगडांहून मोठा असतो असे नाही, पण तो निसटला की दोन्ही बाजूंचे दगड खाली येतात. त्या दगडावरून त्यांनी नाव घेतले. आपण तिला ‘कळीची जाती’ म्हणू. जीवसमाजात कोणाचे महत्त्व किती हे त्याच्या संख्येवरून किंवा वजनावरून ठरत नाही, हे या प्रयोगाने सिद्ध केले. थोड्याच वर्षांत, १९७२ साली, रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवले की, नुसत्या जाती आणि त्यांचे संबंध वाढवीत गेले म्हणजे समाज आपोआप स्थिर होतो असे मुळीच नाही. कोणाची गाठ कोणाशी आणि किती घट्ट, यावर सर्व अवलंबून असते. खानेसुमारीच्या शास्त्राला हा मोठाच धक्का होता.

पाणमांजर आणि समुद्रातले रान

पेन यांनी लहानशी गाठ मुद्दाम सोडून पाहिली. मोठी गाठ मनुष्याने दोनशे वर्षांपूर्वीच, काही न समजता, सोडून ठेवली होती.

१७४१ साली व्हिटस बेरिंग यांची रशियन मोहीम उत्तर प्रशांत महासागरात एका निर्जन बेटावर फुटली. वाचलेले खलाशी परत आले ते समुद्री पाणमांजरांची कातडी घेऊन. या प्राण्याच्या अंगावर इतकी दाट लव असते की दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्याला तिची सर नाही. चीनच्या बाजारात त्या कातड्याला मोठी किंमत येऊ लागली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत अल्यूशियन बेटांपासून कॅलिफोर्नियापर्यंत पाणमांजरांचा संहार झाला. १९११ साली अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून त्यांना अभय दिले, तेव्हा हजार-दोन हजारच उरली असावीत. ती ठिकठिकाणी, एकमेकांपासून दूर अशा थोड्या जागी वाचली होती. काही बेटांभोवती ती पुन्हा वाढली, काहींकडे फिरकलीच नाहीत.

यामुळे आपोआप एक प्रयोग मांडला गेला होता. १९७० च्या सुमारास जेम्स एस्टिस हे अल्यूशियन द्वीपमालेतील अमचिट्का बेटावर गेले. अमेरिकन सरकार तेथे जमिनीखाली अणुस्फोट करीत होते आणि त्यामुळे प्राण्यांचे काय होते हे पाहण्यासाठी पैसा मिळत होता. समुद्रातले रान पाणमांजराला कसे पोसते, असा प्रश्न एस्टिस यांनी घेतला होता. तेथे त्यांची पेन यांच्याशी गाठ पडली, आणि त्या चर्चेतून प्रश्न उलटा झाला: पाणमांजर त्या रानासाठी काय करते?

अमचिट्काभोवती पाणमांजरे पुष्कळ होती. तेथे समुद्रतळावर केल्प नावाच्या प्रचंड शेवाळाचे रान माजले होते आणि त्यात माशांची रेलचेल होती. त्याच द्वीपमालेतील शेम्या बेटाभोवती पाणमांजरे नव्हती. तेथे एस्टिस यांनी पाण्यात बुडी मारली, तो तळावर काटेरी चेंडूंसारख्या समुद्री अर्चिनांचा गालिचा पसरलेला, आणि रानाचा मागमूस नाही. अर्चिन हे केल्पचे देठ कुरतडून खातात. पाणमांजर अर्चिन खाते. पाणमांजर गेले की अर्चिन माजतात, रान खाऊन टाकतात, आणि रानाच्या आश्रयाचे मासे व पक्षीही जातात. १९७४ साली एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी हे प्रसिद्ध केले. पेकिंगच्या सरदाराच्या अंगावरची कातडी आणि अलास्कातील मासे यांचा संबंध दोनशे वर्षांनी जगाला कळला. १९७८ साली अमचिट्कावरच्या प्राचीन अल्यूट लोकांचे उकिरडे तपासले गेले. त्यांतील हाडे आणि कवचे यांवरून असे दिसले की, बंदुकांच्या आधीच्या काळीही वस्तीजवळची पाणमांजरे कमी झाली तेव्हा जवळचा समुद्र एका अवस्थेतून दुसरीत गेला होता. उकिरडादेखील इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस नवी नाही.

गिधाड

आतापर्यंतची उदाहरणे दूरच्या किनाऱ्यांची झाली. शेवटचे उदाहरण आपल्या घरचे आहे, आणि सर्वांत महागात पडलेले आहे.

गिधाड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. जटायूला आपण हात जोडतो; परंतु गावाबाहेर मेलेल्या बैलावर उतरलेली त्याची भावंडे पाहून तोंड फिरवतो. १९८० च्या दशकापर्यंत आपल्या देशात ही भावंडे लाखांनी होती. ज्या देशात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे त्रेपन्न कोटींहून अधिक पाळीव जनावरे आहेत, आणि त्यांतील फार मोठी संख्या खाटकाकडे न जाता आपल्या मरणाने मरते, तेथे मेलेल्या जनावरांचे काय होते, हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता. गिधाडांचा थवा तासाभरात सांगाडा साफ करी. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र की पुष्कळ रोगजंतू त्यातच मरतात. मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी समाजाचा अंत्यविधी तर पिढ्यान्‌पिढ्या याच पक्ष्याच्या भरवशावर चालत आला होता.

१९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडे माना टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली आढळू लागली. त्यांच्यापाशी तेथल्याच १९८० च्या दशकातील मोजणी होती, म्हणून घट किती हे त्यांना सांगता आले. मग देशभर पाहणी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ पासून २००७ पर्यंत हजारात एक उरावी इतकी खाली आली. कारण सापडेना. साथ असावी असे प्रथम वाटले. अखेर पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कारण दाखवून दिले. दुखण्यावर गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. शंभरात एखाद्या मृत जनावरात ते औषध असले तरी एवढा संहार होण्यास पुरे, असा हिशेब निघाला. कारण एका सांगाड्यावर अनेक गिधाडे जमतात आणि एक गिधाड वर्षभरात अनेक सांगाड्यांवर उतरते. २००६ साली भारताने गुरांसाठी हे औषध बंद केले.

दरम्यान उकिरड्यावरची मेजवानी कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्रे वाढले, चावे वाढले. उघड्यावर सडणारे मांस पाण्यात मिसळू लागले. आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली असावीत, असा अंदाज केला आहे. अंदाज कमीअधिक होईल. परंतु गुराच्या दुखऱ्या पायाला दिलेल्या औषधाने माणसांचे प्राण जावेत, आणि मधला दुवा एक तिरस्कृत पक्षी असावा, ही गोष्ट कोणत्याही अंदाजाने खोटी होणार नाही.

या घटनेत दोष कोणाचा? ज्या शेतकऱ्याने बैलाची वेदना थांबावी म्हणून औषध दिले त्याचा खास नव्हे. औषध गुराला लागू पडते की नाही हे तपासले गेले होते. त्या गुराला शेवटी कोण खातो, हे विचारण्याची रीतच नव्हती. मोबियस यांचे पुस्तक निघून सव्वाशे वर्षे होत आली होती, तरी यादीत जनावराचे नाव वेगळ्या पानावर आणि पक्ष्याचे वेगळ्या पानावर होते.

गाठ पुन्हा बांधणे किती कठीण असते, तेही पाहण्यासारखे आहे. पेन यांनी तारामासे फेकणे थांबवले असते तर ते आपले आपण चढून आले असते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यावयास चारपाच वर्षे लागतात. हरियाणात पिंजोर येथे त्यांची पैदास करण्याचे केंद्र विसाव्या शतकानंतर लगेच सुरू झाले. तेथील काही गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. तोडावयास एक तप पुरले. जोडावयास किती पिढ्या लागतील हे सांगवत नाही.

तेव्हा काय करावे?

प्रत्येक गाठ आधी शोधून काढू आणि मगच हात लावू, असे म्हणणे व्यवहारात चालणार नाही. शेती करावयाची आहे, औषधे लागणार आहेत, मासे धरावयाचे आहेत. कळीची जाती कोणती हे तिच्या तोंडावर लिहिलेले नसते. परंतु या इतिहासातून दोन गोष्टी निश्चित हाती लागतात.

पेन यांना कळले, कारण शेजारची पट्टी त्यांनी तशीच ठेवली होती. एस्टिस यांना कळले, कारण शेम्याच्या जोडीला अमचिट्का शिल्लक होते. सर्वच बेटांवरची पाणमांजरे मारली गेली असती, तर अर्चिनांचा गालिचा हीच समुद्राची स्वाभाविक स्थिती, असे शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले असते आणि त्यात त्यांची काही चूक म्हणता आली नसती. म्हणून न विसकटलेल्या जागा राखणे, ही पहिली गोष्ट. अशा जागा म्हणजे मूळ दस्तऐवज होत. नकला कितीही असल्या तरी ताडा पाहण्यासाठी मूळ लागते.

दुसरी गोष्ट नोंदींची. भरतपूरची जुनी मोजणी नसती, तर गिधाडे कमी झाल्याची कुजबुज कुजबूजच राहिली असती. कांकालच्या कालवांची कहाणी मोबियस यांना सांगता आली ती हिशेबाच्या वह्यांमुळे. साध्या माणसाने सालोसाल केलेली साधी नोंद केव्हा अनमोल ठरेल याचा नेम नसतो.

या दोन्ही गोष्टींसाठी आपल्याला परदेशाकडे पाहावे लागत नाही. सह्याद्रीच्या कुशीत गावोगावी देवराया आहेत. देवाचे म्हणून राखलेले हे रान. त्यातली वाळकी काटकीही उचलू नये असा कित्येक ठिकाणी दंडक. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून, आसपासचे डोंगर बोडके झाले तरी जुन्या जंगलाचे नमुने येथे टिकून आहेत, हे विद्वानांच्या नजरेस आणले. ज्या लोकांनी त्या राखल्या त्यांच्यापाशी परिसंस्था हा शब्द नव्हता. भीतीने म्हणा, भक्तीने म्हणा, त्यांनी एक पट्टी जशीच्या तशी ठेवली. आज कित्येक देवरायांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने वृक्ष पाडून त्यांच्या जागी सिमेंटचे सभामंडप उभे राहत आहेत. देवाला छप्पर मिळावे ही इच्छा चांगली आहे. परंतु पाडण्यापूर्वी त्या झाडावर कोण राहते, त्याचे फळ कोण खाते आणि त्याचे बी कोण नेते, एवढे गावातील एखाद्या शिक्षकाने मुलांना घेऊन वर्षभर लिहून काढावे. गाठ सुटण्यापूर्वी ती पाहिल्याचे समाधान त्या वहीत तरी राहील. आणि वही भरेपर्यंत झाडही उभे राहील.